फर्नांदो पावारोत्तींचा आवाज

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, आई सांगत होती, तुम्ही भजनी मंडळात जाणं बंद केलंय. आवाज लागत नाही, आता नव्या मुलांनी गावं, असं म्हणता म्हणे. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहायला बसले.

मी राहते त्या इटलीतल्या मोदेनात ऑपेराचे, म्हणजे तिकडच्या संगीतनाटकाचे, गाजलेले गायक लुचानो पावारोत्ती यांचं नाव जागोजागी दिसतं. पण मला सांगायचंय ते त्यांच्या वडिलांबद्दल. फर्नांदो पाव भाजायचं काम करत, आई अदेले तंबाखूच्या कारखान्यात. फर्नांदोंचा आवाज उत्तम होता, टेनरचाच, म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज. पण रंगमंचाचं नाव काढलं की जीव घाबरा व्हायचा, त्यामुळे ते धंदेवाईक गायक झालेच नाहीत. गाणं मात्र सोडलं नाही. चर्चमध्ये गायचे, गावातल्या गायकवृंदात गायचे आणि घरी जील्यी, कारूझो या मोठ्या टेनर गायकांच्या तबकड्या लावायचे. लुचानोंचं पहिलं शिक्षण ते.

१९५५ साली बापलेक दोघंही त्या गायकवृंदाबरोबर वेल्समधल्या लँगोलेनच्या संगीतस्पर्धेला गेले आणि पहिलं बक्षीस घेऊन आले. लुचानो तेव्हा १९ वर्षांचे. गाण्यावर पोट भरेल याची फर्नांदोंना खात्री नव्हती, तरी तिशीपर्यंत घरी राहा, जेवणाखाण्याचं आम्ही बघू, असं ठरलं. लुचानोंनी प्राथमिक शाळेत शिकवलं, विमा विकला. गुरू आर्रीगो पोला त्यांना फुकट शिकवायचे. मग स्वरयंत्रावर गाठ आली, फेर्रारातली एक मैफल पार फसली आणि त्यांनी गाणं सोडायचं ठरवलं. ती गाठ पुढे बरी झाली. २९ एप्रिल १९६१ ला रेज्जो एमिलियाला ‘ला बोएम’ या ऑपेरात ते पहिल्यांदा नायक म्हणून उभे राहिले. ठरलेली तिशी यायला अजून चार वर्षं होती! मला हा भाग फार आवडतो, कारण त्यात दोन सामान्य माणसांच्या पगाराचं धाडस आहे. आई, माझ्या शिक्षणाच्या वेळी तू पाटल्या मोडल्यास ते मला कायम आठवतं.

पुढचं जगाला माहीत आहे. १७ फेब्रुवारी १९७२ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी एकाच गाण्यात नऊ वेळा ‘हाय सी’ हा फार उंच स्वर लावला. बाबा, तुमच्या भाषेत सांगते: पेटीच्या पांढरी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, घ्या आणि त्याच्याही वर आणखी एक सप्तक चढा. तोही भरल्या छातीनं आणि मायक्रोफोनशिवाय. त्या रात्री लोकांनी त्यांना सतरा वेळा पडद्याबाहेर बोलावलं.

६ सप्टेंबर २००७ ला ते याच गावात वारले. फर्नांदो त्याआधी पाच वर्षं गेले होते. अंत्यविधी इथल्या कॅथीड्रलमध्ये झाला आणि तिथे १९७८ चं एक ध्वनिमुद्रण लावलं: ‘पानिस अँजेलिकुस’ हे चर्चमधलं भक्तिगीत, बापलेकांनी मिळून गायलेलं. मी ते बऱ्याचदा ऐकलंय. पाव भाजणारा माणूस जगातल्या सर्वांत गाजलेल्या टेनरशेजारी उभा राहून गातोय आणि कुठेही दबलेला वाटत नाही.

बाबा, ऑपेरात पट्टी रचनाकारानं ठरवून दिलेली असते, गायकाच्या सोयीनं ती सहसा हलत नाही. आपल्याकडे तशी अडचण नाही. काळी एक जड जाते ना? खाली पांढरी सातला या. तिथेही श्वास पुरला नाही तर आणखी खाली, काळी पाच. पेटीवाले काका इतकी वर्षं तुमच्याबरोबर आहेत, ते काही म्हणायचे नाहीत. लांब ताना नकोत, नुसता अभंग सरळ म्हणा.

आई, यांना या गुरुवारी मंडळात धाडच. फोनवर रेकॉर्ड कर, फोन पेटीपासून जरा लांब ठेव, नाहीतर आवाज दबतो. दिवाळीत मी येतेय. तेव्हा मला बाबांच्या मागे टाळ घेऊन बसायचंय आणि ध्रुवपद त्यांच्याबरोबर म्हणायचंय.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
मनू