परत आलेल्या नंबराविषयी

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई,

साष्टांग नमस्कार.

मला पुन्हा चष्मा लागल्याचे ऐकून बाबांनी स्वतःच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, असे आईकडून काल कळले; म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सहा वर्षांपूर्वी माझा उणे सातचा नंबर शून्यावर आला होता, तो आता उणे सव्वा आहे. लेसरने कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पारदर्शक पडदा, मध्यभागी तासून किंचित सपाट करतात. माझ्या पद्धतीत त्यावरचा पेशींचा पातळ थर आधी काढला होता आणि तो पुन्हा धरेपर्यंत डोळ्यांवर पट्टीऐवजी लेन्स ठेवली होती. आई, त्या दिवसांत तू खिडक्यांना गडद साड्या बांधल्या होत्यास आणि थेंबांच्या वेळा कॅलेंडरच्या मागे लिहून एकेकीवर फुली मारत होतीस. तो थर तेव्हा धरला; पण तासलेल्या जागी तो हळूहळू अधिक जाड होत जातो, खालचा थरही नवे तंतू विणतो, आणि त्या भरावाने पडद्याचा बाक थोडा परत येतो. मुळातला नंबर मोठा असला की हे घडण्याचा संभव अधिक. शस्त्रक्रियेआधी हे आपल्याला कोणीही नीट समजावले नाही, नंबर कायमचा गेला असे समजून आपण पेढे वाटले, याचे मला अजून वाईट वाटते.

आता डॉक्टरांनी डोळ्याची लांबी मोजली, ती वाढलेली नाही. पडद्याचा नकाशाही काढला. तो कुठे कमकुवत होऊन पुढे फुगत असता तर काळजीचे होते, तसे काहीही आढळले नाही. पुन्हा लेसर करायचा तर नंबर स्थिर हवा आणि पडद्याची पुरेशी जाडी शिल्लक हवी, म्हणून मी घाई करणार नाही. रात्री गाडी चालवताना चष्मा लावते, तेवढ्याने पाट्या स्पष्ट वाचता येतात.

बाबा, तुमची शस्त्रक्रिया निराळी आहे. तिथे डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढून ठरावीक नंबराचे कृत्रिम भिंग बसवतात. लेसरने कॉर्निया तासत नाहीत, त्यामुळे माझ्यासारखा भराव तिथे येत नाही. कृपा करून डॉक्टरांकडून नवी तारीख घ्या आणि मला कळवा. मी आठवडाभराची रजा काढून येते. या वेळी थेंबांच्या वेळा मी लिहीन.

तुमची लेक