मोल्डरमामांना जाहीर पत्र

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, आपली आजी ब्राँझमध्ये ओतून आली. स्टुडिओत येणारा प्रत्येक जण आधी तिच्या हातांपाशी थांबतो आणि विचारतो, हे कसं जमवलंत? मी तुमचं सांगायला लागते, तर लोक मान हलवतात आणि परत मातीकामाबद्दल विचारतात. शिल्पकार म्हटलं की माती थापणारे हात सगळ्यांना ठाऊक असतात. साचा घेणाऱ्याला, म्हणजे मोल्डरला, कुणी ओळखत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. नाव छापू नका म्हणालात, तो शब्द पाळते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. माझी आजी जमिनीवरून उठायची तेव्हा डावा तळवा खाली टेकवायची, उजवा गुडघ्यावर, आणि क्षणभर तशीच थांबायची. उठण्याच्या बेतातली. तो क्षण मला हवा होता. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकताना गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’, देवळाकडे निघालेल्या स्त्रीचं शिल्प, मी खूप पाहिली. विद्यार्थिदशेत, जेमतेम विशीत केलेलं काम! तिची चाल मला नऊवारीच्या चुण्यांत दिसायची. कापड कुठं ताणलंय आणि कुठं सैल सुटलंय, यावरून शरीराचा भार कळायचा. माझ्या आजीचा सगळा भार असाच लुगड्यातून यावा म्हणून मी शाडूत महिनोन् महिने घातले.

आणि मग तुम्ही आलात. आल्या आल्या ट्यूबलाइट बंद करायला लावलीत. टॉर्च बाजूनं धरून कामाभोवती सावकाश फिरलात, एकेका चुणीची सावली बघत. मी अधीर झाले होते, माती वाळत होती. तुम्ही एवढंच म्हणालात, “ताई, रेघ चुणीतनं नेऊ. हात वेगळा घेऊ.” उजव्या हाताखालची पोकळी साच्यात अडकणार हे मलाही दिसत होतं, पण हात कापायचा कुठं हे तुम्ही ठरवलंत: चोळीच्या काठावर. तारेनं माती कापलीत, आतली अॅल्युमिनियमची तार पकडीनं तोडलीत. आज तो सांधा मलाही शोधावा लागतो.

साच्याचे भाग जिथं सुटे व्हायचे त्या रेघेवर पितळी पत्र्या एकामागून एक मातीत खोवल्यात. पहिल्या थराच्या प्लास्टरमध्ये नीळ कालवलीत आणि बोटांनी शिंतोडे उडवत ते अंगभर चढवलंत. नखांच्या कडा, डोळ्यांचे कोपरे, कानाची पाळी, जिथं हवेचा बुडबुडा राहील अशी शंका आली तिथं तोंड जवळ नेऊन फुंकर मारलीत. त्यावर पांढरा जाड थर. प्लास्टर घट्ट होताना तापतं, तेव्हा तुम्ही त्यावर तळहात ठेवून उभे होतात, ताप उतरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी साचा उघडला आणि माती लगद्यासारखी बाहेर आली. वेस्ट मोल्डमध्ये हे असंच असतं, मूळ काम मोडतं आणि शेवटी साचाही फोडावा लागतो. दोन्ही गेल्यावर हातात एकच प्रत उरते. इतके महिने घातलेलं काम दुसऱ्याच्या हाती असं सोपवायला किती विश्वास लागतो, हे शिल्पकारांना कळेल.

साच्याला आतून साबणाचं पाणी लावून, काथ्या घालून प्लास्टरची प्रत भरलीत, आणि साचा फोडायला बसलात. बोथट छिन्नी, हलका ठोका. पांढरा थर भराभर उडाला. निळं दिसलं, म्हणजे प्रत जवळ आली, की तुमचा हात मंदावायचा. गालाजवळ माझ्या अंगठ्याचा एक ठसा प्लास्टरमध्ये जसाच्या तसा आला होता. मी कानस उचलली, तर तुम्ही हात आडवा घातलात. “ऱ्हाऊ द्या. तुमचा हात हाय तो.” तो ठसा आता ब्राँझमध्येही आहे.

सासवण्याला जाऊन या, हा तुमचाच आग्रह. अलिबागजवळच्या त्या गावी शिल्पकार विनायकराव करमरकरांचं घर आणि शिल्पं आहेत. पुस्तकांत मी ती पाहिली होती, पण अंगणातल्या सिमेंटच्या म्हशीसमोर उभं राहिले तेव्हा तुम्ही का पाठवलंत ते उमगलं. सिमेंटसारख्या रुक्ष मालातून कातडीची जाडी, पोटाचं वजन आलंय. पुण्यातला त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा (१९२८) अखंड ओतला, ती हकीकत तुम्ही स्वतः भट्टीशी उभे असल्यासारखी सांगता. मला ती दर वेळी ऐकावीशी वाटते.

फ्रेंच शिल्पकार रोदाँच्या शिल्पांचे फोटो मी दाखवले, तेही आठवतंय. त्यानं काही कामांवर साच्याच्या सांध्याची रेघ मुद्दाम तशीच ठेवलीय. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, आम्ही जन्मभर ही रेघ घासत आलो. त्या दिवशी मी ठरवलं. आजीच्या पाठीवर, पदराच्या आतल्या बाजूनं खाली जाणारी एक रेघ मी घासू दिली नाही. फाउंड्रीतल्या पोरांनी ती काढायची राहिली समजून दोनदा विचारलं. मी म्हटलं, ती मामांची आहे.

तुम्ही मजुरी घेतलीत, हिशेब चुकता झाला. पण काम संपल्यावरही ब्राँझ ओतण्याआधीची मेणाची प्रत कशी झालीय, ओतकामाच्या नळ्या कुठं जोडल्यात, हे फोन करून विचारत राहिलात, त्याचा हिशेब कुठला मांडायचा? मनापासून आभार मानते.

एक मागणं आहे. प्रदर्शनात शिल्पाखाली पाटी लागेल, तिच्यावर माझ्या नावाखाली ‘मोल्डिंग’ म्हणून तुमचं नाव घालू द्या. इथं नको म्हणालात ते मानलं, तिथं नको म्हणू नका. उद्घाटनाला न्यायला गाडी पाठवते. मामींनाही आणा, त्यांना पाठीमागची बाजू आधी दाखवायचीय.

तुमची,
ताई