‘सर्व्हर डाऊन’च्या पाटीमागे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आमच्या नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागापुढच्या रांगेचा फोटो आला. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ असा कागद चिकटवलेला दिसत होता. तो कागद मी लिहिला होता. गेली नऊ वर्षे मी या कार्यालयात कंत्राटी संगणक चालक म्हणून काम करते. लोकांच्या हालांचे जे वर्णन बातमीत होते ते खरे आहे. शाळाप्रवेशाच्या दिवसांत मूल कडेवर घेऊन दोन तास उभ्या राहिलेल्या आईला ‘उद्या या’ सांगताना मलाही वाईट वाटते. पण ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली काय काय झाकले जाते, ते आपल्या वाचकांना कळायला हवे.

त्या दिवशी सर्व्हर बंद नव्हताच. दाखल्यांवर डिजिटल सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली होती. नव्या साहेबांच्या नावाचा डोंगल (डिजिटल सहीसाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) यायचा होता आणि ओटीपी अजून जुन्या साहेबांच्याच मोबाइलवर जात होता. त्याच्या आधीच्या महिन्यात गटाराच्या कामात जेसीबीने इंटरनेटची फायबर केबल तोडली. खोदाईची परवानगी आमच्याच बांधकाम विभागाने दिली होती, आणि संगणक कक्षाला त्याचा पत्ता नव्हता. पावसाळ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या, तेव्हा नव्या बॅटऱ्यांची फाईल तीन महिने टेबलाटेबलावर फिरत राहिली. वरचे पोर्टल खरोखर बंद पडते, असेही दिवस असतात. पण कारण कोणतेही असो, पाटी तीच लागते. मग जाब विचारायचा तो बांधकाम विभागाला, लेखा विभागाला की आणखी कोणाला, हे रांगेतल्या माणसाला कळणार कसे? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे सेवा मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. खरे कारण कागदावर आलेच नाही, तर अपील करणाऱ्याने बोट ठेवायचे कशावर?

दुसरी गोष्ट जुन्या नोंदींची. या कामात माझा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. आमच्या रेकॉर्ड रूममधली जुनी रजिस्टरे पान उलटताना हातात तुकडा येईल अशा अवस्थेत आहेत. कित्येक नोंदींत मुलाचे नावच नाही. नुसते ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’, आणि पुढे बापाचे नाव. काही वर्षांपूर्वी ही रजिस्टरे संगणकावर चढवली गेली, ती तात्पुरत्या घेतलेल्या मुलांकडून. दर एका नोंदीमागे होता, म्हणून हात भराभर चालले, आणि पडताळणी कोणी केली नाही. शिवाय तो मजकूर तेव्हाच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला. आताच्या युनिकोड पद्धतीत उघडला की निम्म्या नोंदींची नुसती निरर्थक चिन्हे होतात. जे रूपांतर झाले त्यातही घोळ राहिला. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र संगणक त्यांना वेगळी आडनावे समजतो. समोरच्या आजोबांना ‘तुमची नोंद नाही’ असे उत्तर जाते, आणि नोंद तिथेच असते. म्हणून संगणकाने ‘नाही’ म्हटल्यावरही मी रजिस्टर उघडून पाहते. माझ्या जागी उद्या येणाऱ्याला हे कोण सांगणार?

हे आज महत्त्वाचे आहे, कारण जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. आज खिडकीत बसून मी एका अक्षराची चूक केली, तर ती त्या मुलाला वीस वर्षांनी भोवेल.

असे काम कोणावर सोपवले आहे? मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, अकरा महिन्यांच्या आदेशावर, ठोक मानधनावर बसलेल्या माणसावर. माझा यात स्वार्थ आहे हे मी लपवत नाही, मला कायम नोकरी हवीच आहे. पण मला बाजूला ठेवूनही प्रश्न उरतो. निविदा बदलली की माणसे बदलतात, आणि मालमत्ता कराच्या प्रणालीचे पासवर्ड जुन्या माणसाच्या वहीत राहतात. मार्चअखेरीला वसुली जोरात असताना हे एकदा घडले. भरलेल्या पावत्या दिसेनात, आणि थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागलेली बिले लोकांच्या घरी गेली. आमच्या डेटाची बॅकअप हार्ड डिस्क मूळ डेटा असलेल्या खोलीतल्याच कपाटात आहे. आग लागली किंवा पाणी शिरले तर दोन्ही एकदमच जातील. त्या बॅकअपवरून डेटा परत उभा राहतो का, हे माझ्या नऊ वर्षांत एकदाही तपासलेले नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा एवढ्या मोठ्या रुग्णालयातही कित्येक दिवस हाताने कागद लिहून काम चालवावे लागले. अशा घटनेची माहिती सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायची असा नियम त्याच वर्षी आला आहे. आमच्याकडे ती कोणी कळवायची, हेच ठरलेले नाही.

राज्याच्या नगरपरिषद सेवेत संगणक अभियंत्यांचा स्वतंत्र संवर्ग आहे. 2023 मध्ये निघालेल्या 1782 पदांच्या जाहिरातीतही तो होता. आमच्यासारख्या छोट्या गावापर्यंत तो माणूस कधी पोहोचणार, हे शासनाने सांगावे. तोपर्यंत मुख्याधिकाऱ्यांना दोन गोष्टी आजच करता येतील. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे आणि सगळे पासवर्ड पाकिटात सीलबंद करून आपल्या ताब्यात घेणे. दोन्हींना वेगळे बजेट लागत नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती. पुढच्या वेळी अशी पाटी दिसली तर फोटो जरूर काढा, पण आत येऊन ‘नेमके काय बंद आहे आणि कधीपासून’ एवढे विचारा. मी माझ्यापुरते ठरवले आहे. यापुढे खिडकीवरच्या कागदावर खरे कारण आणि काम पुन्हा सुरू होण्याची अंदाजे वेळ लिहीन. त्यासाठी कोणी बोलावून जाब विचारला तर उत्तर द्यायला तयार आहे.

आपली,
एका नगरपरिषदेतील कंत्राटी संगणक चालक
(कृपया नाव व गाव छापू नये.)