अण्णाला पत्र: पुस्तक लावण्याआधी

निफाड, रविवार

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्राला कोणतं पुस्तक लावू असं विचारलंस आणि त्या साडेआठशे रुपयांच्या पुस्तकाचं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंस. ते प्रश्नचिन्ह पाहूनच लिहायला बसलो. ते पुस्तक लावू नकोस. पुस्तक चांगलं आहे, पण तुझ्या वर्गातली किती मुलं ते विकत घेतील हे तुलाही ठाऊक आहे.

आठवतं का, अप्पा बळवंत चौकातून आपण निम्मे-निम्मे पैसे घालून एक जुनं पुस्तक घेतलं होतं? परीक्षा तोंडावर आली तेव्हा तू ते बाइंडरकडे नेऊन त्याचे दोन भाग करून आणलेस. माझ्याकडे मागणी-पुरवठा, तुझ्याकडे मक्तेदारी, आणि रात्री जेवणानंतर अदलाबदल.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “सर, यातली नेमकी किती पानं लागतात?” मला वाटलं, अभ्यास टाळतेय. रागावून बोललो. नंतर कळलं की तिला तेवढ्याच पानांची झेरॉक्स काढायची होती आणि घरी पैसे किती मागायचे ते ठरवायचं होतं. ते अजून मनात सलतं. त्यानंतर मी किंमत पाहिल्याशिवाय कोणतंही पुस्तक यादीत घातलेलं नाही.

वर्गासाठी प्रकरणांच्या झेरॉक्स काढल्या तर आपण कायद्याच्या कचाट्यात सापडू का, ही तुझी भीती मलाही होती. म्हणून दिल्लीचा तो खटला मुळापासून वाचला. 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र बांधून दुकानदार मुलांना देत होता. पुढे विद्यार्थ्यांची संघटनाही त्यात पक्षकार झाली. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. आधार 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 चा: शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत हा भंग ठरत नाही. डिसेंबरात खंडपीठानेही तत्त्व तेच ठेवलं. पानं किती यापेक्षा, शिकवायला ती लागतात का, हा प्रश्न महत्त्वाचा मानला आणि तेवढा मुद्दा तपासायला प्रकरण परत पाठवलं. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

अख्खं पुस्तक झेरॉक्स करून वाटावं, असा अर्थ मी यातून काढत नाही. लेखकाच्या कष्टाचं मोल आहेच. पण दोन प्रकरणं शिकवायची असतील तर तेवढीच द्यायला आता माझा हात थरथरत नाही.

मोफत पुस्तकंही बरीच आहेत. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम 2012 पासून महाविद्यालयीन पुस्तकं फुकट देतो. त्यांचं अर्थशास्त्राच्या तत्त्वांचं पुस्तक मोबाइलवर उतरवून घेता येतं. दुसरं ‘द इकॉनॉमी’, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मिळून चालवलेल्या कोअर प्रकल्पाचं. मला स्वतःला हेच जास्त आवडतं, कारण ते विषमतेपासून आणि इतिहासापासून सुरुवात करतं, मागणी-पुरवठ्याचे आलेख मागून येतात. पण त्याच्या परवान्यात बदल करून वाटायची मुभा नाही. ओपनस्टॅक्सचं हे पुस्तक मात्र श्रेय देऊन भाषांतर करा, उदाहरणं बदला, छापा, सगळं चालतं. आपल्याला नेमकं तेच हवं आहे. आपल्या मुलांना इंग्रजीतलं फुकट पुस्तक दिलं तरी ते बंदच राहतं रे.

म्हणून आम्ही भाषांतराला हात घातला. पाच मुलं, शनिवारी तास संपल्यावर. मागणी-पुरवठ्याच्या प्रकरणात पहिलंच कोष्टक पेट्रोलच्या गॅलनचं आणि डॉलरचं. मुलं म्हणाली, सर, इथे लासलगावचा कांदा घालू. मग गॅलनचे क्विंटल झाले, डॉलरचे रुपये. एकाचे वडील बाजार समितीत हमाल आहेत. लिलावात भाव कसा फुटतो हे त्याने असं सांगितलं की मीही वही काढून लिहून घेतलं. पुरवठा वक्र उजवीकडे सरकतो, म्हणजे त्याच भावाला जास्त माल बाजारात येतो, ते त्या दिवशी फळ्यावर फार समजवावं लागलं नाही. शब्दांवर मात्र वाद झाले. शेवटी बारावीच्या पुस्तकातलेच ठेवले: मागणी-पुरवठ्यातला बदल किमतीमुळे झाला तर विस्तार-संकोच, इतर कारणांनी झाला तर वृद्धी-ऱ्हास. मुलांच्या तोंडात आधीच बसलेले शब्द मोडायचे कशाला?

प्रकरण अडतीस पानांत बसलं. कॉलेजच्या प्रिंटरवर काढून स्पायरल करून घेतलं. ती पानं मोजणारी मुलगी या वर्षी भाषांतराच्या गटात आहे.

आकडेवारीसाठी राज्य सरकारची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ वापर. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येते, मराठीत असते आणि फुकट मिळते. मी तिच्यातली कोष्टकं थेट वर्गात वाचायला देतो. एनपीटेलची, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं तुझ्या स्वतःच्या तयारीसाठी उत्तम, पण पहिल्या वर्षाला जड जातात. आणि तुमच्याकडची बुक बँक बंद पडली असेल तर ती आधी उघड. सुटणाऱ्या वर्गाकडून जूनऐवजी परीक्षेच्या शेवटच्या दिवशीच पुस्तकं मागून घे, नाहीतर ती रद्दीत जातात.

आता तुझ्याकडे काम. ओपनस्टॅक्सचं पाचवं प्रकरण लवचिकतेचं, म्हणजे भाव बदलला की मागणी-पुरवठा किती बदलतो याचं आहे आणि मला तिथे सांगलीची हळद हवी आहे. तुझ्या मुलांना मार्केट यार्डात पाठव. भाव पडला तेव्हा शेतकऱ्यांनी माल किती दिवस कोठारात धरून ठेवला, एवढं दहा जणांना विचारून येऊ देत. मी सोबत आमचं प्रकरण पाठवतोय. लाल पेनाने तपास, माझी भीड ठेवू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बापू