मुरमाच्या खड्ड्यातलं पाणी आमच्याच विहिरीचं आहे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या शिवारात रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढून काढून जो खड्डा झालाय त्यात आता बारमाही पाणी असतं, अन् गावातले लोक त्याला तळं म्हणायला लागलेत. म्हशी डुंबतात, पोरं पवतात, परवा कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला अन् खाली लिहिलं 'ठेकेदाराची कृपा'. माझी विहीर तिथून चार-पाचशे फुटांवर आहे, त्यामुळं मला काही ती कृपा दिसत नाही.

विहीर आठ परस (पुरुष) खोल, वडिलांच्या टायमाची. खड्ड्याच्या आधी पाडव्याला मोटार दोन तास आरामात चालायची, यंदा वीस मिनिटांत फुटव्हॉल्व, म्हणजे मोटारीच्या पाइपाच्या तळाची झडप, उघडा पडतोय, अन् पाऊस कमी झाला म्हणावं तर गेल्या पावसाळ्यात दुधनेला पूर येऊन गेला. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, त्याच्या भेगांत मावून मावून किती पाणी मावणार, खरं पाणी धरतो तो वरचा कुजलेला मुरूम अन् विहिरीला झिरपाही तिथूनच येतो. मुरूम नेला म्हणजे रांजणच नेला. वरून पोकलेन पाण्याच्या पातळीच्या खाली गेलं की उरलेलं पाणी चहूबाजूंनी खड्ड्यात उतरतं अन् उन्हात उघडं पडतं.

किती उडतं ते बघावं म्हणून एप्रिलात मी खड्ड्याच्या काठावर एक बादली भरून ठेवली, शेळ्यांनी पिऊ नये म्हणून वर जाळी बांधली. पाच दिवसांत अडीच बोटं पाणी खाली गेलं, म्हणजे दिवसाला जवळपास एक सेंटीमीटर. बादली जरा जास्त तापते म्हणून आपण 8 मिलिमीटरच धरू. एक एकर उघडं पाणी असलं तर दिवसाला 32 हजार लिटर हवेत गेलं, 12 हजारवाले पावणेतीन टँकर! 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तिच्यात 5 लाख लिटर होतं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली. तेवढं पाणी एक एकराचा खड्डा उन्हाळ्यात सोळा दिवसांत पितो, अन् त्याची बातमी होत नाही.

कोणी म्हणतं पावसाळ्यात त्याच खड्ड्यातून पाणी मुरेल की. खड्डा पातळीच्या वर थांबला असता तर मुरलं असतं, मान्य. पण तळाशी आधीच पाणी लागलंय, तिथं आणखी मुरणार कुठं?

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं राज्य आहे, पाऊस आपल्यापेक्षाही कमी. तिथं नदीकाठी खडी-वाळूच्या खाणी खूप, त्यात असंच भूजल उघडं पडायचं. 1988 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भूजल उघडं पाडणारा खड्डा ही कायद्यानं विहीरच आहे, अन् 1989 ला कायदा आला की 1980 नंतर खोदलेल्या खाणीतून जेवढी वाफ होते तेवढं पाणी खाणवाल्यानं दुसरीकडून आणून नदीला परत द्यायचं, नाहीतर खड्ड्याभोवती मातीची भिंत घालून भूजल आत येणंच बंद करायचं. खडीबरोबर ओल म्हणून जाणारं अन् धूळ बसवायला मारलेलं पाणीही हिशोबात धरतात. आपल्याकडं हायवा डंपर मोजतात, मुरमाचे ब्रास मोजतात, रॉयल्टी घेतात, फक्त पाणी कोणी मोजत नाही.

आता खरं बोलायचं तर आम्ही शेतकरीही काही धुतल्या तांदळाचे नाही. बोअरचं पाणी जानेवारीत प्लॅस्टिकच्या शेततळ्यात भरून ठेवायचं अन् मे पर्यंत उन्हाला पाजायचं, हे चाललेलंच आहे. पण त्यातलं उरलेलं निदान आमच्या मोसंबीला तरी जातं.

मुरूम काढूच नका असं माझं म्हणणं नाही, रस्ता आम्हालाही पाहिजे. भूजल सर्वेक्षणवाले वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतातच, मग परवाना देताना आजूबाजूच्या विहिरींची ऑक्टोबरची पातळी फायलीत लावा अन् खोदाई तिच्या वर थांबवा. खाली गेलाच कोणी तर त्यानं खड्डा पातळीच्या वर येईल इतका भरून द्यावा, ते होईपर्यंत वाफेच्या हिशोबानं ओढ्यावर पुनर्भरणाचं काम करून द्यावं किंवा पडून असलेल्या केटीवेअरची, म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्याची, दारं बसवून द्यावीत. पैसा नाही म्हणू नका, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा फंड असल्याच कामासाठी आहे.

शेजारच्या गटातून मुरूम काढायचा प्रस्ताव तहसीलला गेलाय असं ऐकतोय. सही व्हायच्या आधी तहसीलदार साहेबांनी एकदा पाणी बघायला यावं म्हणून हे पत्र, बादली अजून काठावरच आहे.

एक शेतकरी,
ता. परतूर, जि. जालना