बाबा, ते पाकीट उघडायला घाबरू नका

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

थोड्या दिवसांत इथल्या कोर्टाचं एक पाकीट बाबांच्या नावानं येईल. गेल्या मंगळवारी आम्ही दोघांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. हे सांगायला मी तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा आईनं 'जेवलास का' विचारलं आणि राहूनच गेलं.

हॉस्पिटलची बिलं तुम्हाला माहीत आहेत. ती क्रेडिट कार्डांवर फिरवत राहिलो, हे माहीत नाही.

बाबा, तुम्ही साताऱ्याच्या कोर्टात होतात, नादारीचे अर्ज तुमच्या टेबलावरून गेलेत. १९२० च्या त्या कायद्यात ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता यायचा, हे तुमच्याचकडून ऐकलंय. इथे आधी कमाई बघतात. ऑक्टोबर २००५ पासून कायदा कडक झालाय. अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांची कमाई घ्यायची, दुप्पट करायची आणि राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडायची. खाली असलात तर 'चॅप्टर सेव्हन', म्हणजे बहुतेक कर्ज माफ. वर असलात तर खर्चाचा हिशेब द्या, तोही बराचसा सरकारी आकड्यांनी. त्यातही बसला नाहीत तर 'चॅप्टर थर्टीन', तीन ते पाच वर्षं हप्ते.

माझी नोकरी एप्रिलमध्ये गेली. मेमध्ये वकीलबाईंकडे गेलो तर म्हणाल्या, थांबा. खिशात दमडी नव्हती, पण कायद्याच्या लेखी मी अजून साहेब होतो! पगाराचे महिने मागे पडेपर्यंत, नोव्हेंबर उजाडेपर्यंत, वसुलीवाल्यांचे फोन घेत गोदामात तासांवर काम केलं. अर्ज गेला आणि फोन थांबले. थांबवावेच लागतात.

मग घरातल्या वस्तूंची यादी. सोफा, जुनी गाडी, लॅपटॉप. आणि आई, तुझ्या पाटल्या. तुझ्या सुनेनं चकलीची भाजणी मोजतो त्याच काट्यावर रुमाल पसरून त्या ठेवल्या. ४६ ग्रॅम. मी आकडा लिहून घेतला, तिनं पाटल्या लगेच पुसून डब्यात ठेवल्या. ठरावीक रकमेपर्यंतच्या वस्तूंना सूट असते, त्यात त्या बसतात, असं वकीलबाई म्हणतात.

आता एफडी मोडून तुम्ही पाठवलेल्या आठ लाखांचं. आधी तेच फेडणार होतो. वकीलबाईंनी अक्षरशः हात जोडले. अर्जाआधीच्या वर्षभरात नातेवाइकाला फेडलेले पैसे ट्रस्टी परत मागू शकतो, तेही माझ्याकडे नाही, तुमच्याकडे. ट्रस्टी म्हणजे घेणेकऱ्यांच्या वतीनं माझी झडती घेणारा माणूस. म्हणून घेणेकऱ्यांच्या यादीत कार्डवाल्यांच्या खाली तुमचं नाव लिहिलं. ती ओळ टाइप करताना हात अडला, खोटं कशाला बोलू. कागदावर तुमचंही कर्ज माफ होईल. पण माफ झालेलं कर्ज स्वखुशीनं फेडायला मनाई नाही, हे मी दोनदा विचारून घेतलंय. दरमहा थोडे पाठवीन. नको म्हणू नका.

आणखी एक कलम आहे. अर्जानंतर १८० दिवसांत वारसाहक्कानं काही मिळालं तर तेही धरतात. तेव्हा बाबा, निदान मेपर्यंत रक्तदाबाची गोळी चुकवू नका. (आई, चिडू नकोस, ते हसतील.)

पाकिटाला उत्तर नको, सही नको, पैसे तर नकोतच. कपाटात ठेवून द्या. शेजारी कुणी विचारलं तर काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, माझी कशालाच हरकत नाही.

१५ डिसेंबरला ट्रस्टीसमोर हजेरी आहे, व्हिडिओवरच. इथले सकाळचे दहा, तुमचे रात्रीचे साडेआठ. संपलं की फोन करतो. जेवणाचं तेव्हा शेवटी विचार, आई.

तुमचा,
बाळू