अहवालातली ‘शक्यता’ आणि थांबलेले चालणे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

येत्या २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन आहे. त्या निमित्ताने तोंड वाकडे होणे, हाताची शक्ती जाणे, बोलणे अडखळणे या लक्षणांची माहिती दरवर्षी छापून येते आणि ती यायलाच हवी, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेवढ्यात रुग्णालयात पोहोचणे लक्षण ओळखण्यावर अवलंबून असते. मात्र ज्यात यांपैकी एकही लक्षण दिसत नाही, त्या ‘सायलेंट स्ट्रोक’विषयी, आणि विशेषतः त्याचा नुसता संशय आल्यावर चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने पुढे कसे वागायचे याविषयी, फारसे लिहिले जात नाही. माझा स्वतःचा अनुभव त्याच बाबतीतला असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

मी ५३ वर्षांची असून पुण्यातल्या सहकारनगरमध्ये राहते व एका बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी श्रावणात मला दोन-तीनदा चक्कर आली म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करायला सांगितला. चक्कर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या बिघाडामुळे येत होती असे निष्पन्न झाले आणि काही आठवड्यांत ती थांबलीही. पण अहवालाच्या शेवटी दोन ओळी होत्या, त्यांत मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर ५ मिलिमीटरचा एक जुना डाग दिसतो आणि तो पूर्वी होऊन गेलेल्या लहानशा इन्फार्क्टचा असण्याची शक्यता आहे, असे म्हटले होते. इन्फार्क्ट म्हणजे रक्तपुरवठा तुटल्यामुळे मेंदूचा तेवढा भाग मृत होणे. मला तर असे काही झाल्याचे आठवत नव्हते.

त्या दोन ओळींनी आमच्या घराची घडीच बदलली. आधी तळजाईची टेकडी बंद झाली, जिथे मी आठवड्यातून चार दिवस पहाटे जात असे. मग दुचाकी गेली, मग भाजीची पिशवी हातातून काढून घेतली गेली, आणि दिवाळीपर्यंत दुसऱ्या मजल्यावर जायलाही लिफ्टच घ्यायची असा नियम झाला. “अगं, जिवापेक्षा का टेकडी मोठी आहे?” असे सासूबाई म्हणायच्या, आणि त्यांच्या आवाजातली काळजी इतकी खरी होती की उलट बोलायची माझी छाती होत नसे. माहेरी तर भीतीला आधारच होता. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली आणि शेवटची तीन वर्षे त्यांनी अंथरुणावर काढली. ‘स्ट्रोक’ हा शब्द ऐकल्यावर माझ्या भावाच्या डोळ्यांपुढे ती खाट येते, त्यामुळे तो रोज फोन करून “ताई, आज कुठे बाहेर गेली नाहीस ना?” एवढेच विचारायचा.

पाच महिन्यांत माझे वजन चार किलोने वाढले. पूर्वी १२८/८० च्या आसपास असणारा रक्तदाब १४६/९२ वर गेला. रात्री झोप लागेनाशी झाली आणि दिवसभर आपण कुठल्या तरी काठावर उभे आहोत असे वाटू लागले. संक्रांतीनंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांनी सहज विचारले, “रोज किती चालता?” मी जवळजवळ अभिमानाने सांगितले की अजिबात नाही, पूर्ण विश्रांती घेते आहे. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले आणि विचारले, “मॅडम, विश्रांती घ्यायला तुम्हाला कोणी सांगितले?”

मी आठवून पाहिले. खरोखरच कोणीही सांगितले नव्हते. एकाही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो शब्द नव्हता. आम्ही घरातल्यांनी तो त्या दोन ओळींमध्ये आपल्या मनाने वाचला होता.

त्यांनी त्या दिवशी जे समजावून सांगितले आणि नंतर मी वाचून जे पडताळले, ते थोडक्यात असे. मेंदूच्या खोल भागाला केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या रक्त पुरवतात. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने, मधुमेहाने किंवा तंबाखूने त्यांच्या भिंती जाड होत जातात आणि एखादी वाहिनी बंद पडते. ती ज्या भागाला पोसत होती तो हालचालीचा किंवा वाचेचा मुख्य मार्ग नसेल तर माणसाला काहीच कळत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षांच्या हजारावर नागरिकांचे एमआरआय केले गेले, तेव्हा त्यांतल्या सुमारे २० टक्के लोकांच्या मेंदूत असे डाग आढळले आणि त्यांना पक्षाघात झाल्याची कधीही नोंद नव्हती. म्हणजे हा प्रकार दुर्मीळ नाही; पण निरुपद्रवीही नाही, कारण असे डाग असणाऱ्यांना पुढे उघड पक्षाघात होण्याचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अहवालात ‘शक्यता’ हा शब्द का असतो, तेही मला तेव्हा कळले. रक्तवाहिनीभोवतीची द्रवाने भरलेली नैसर्गिक पोकळी रुंदावली तर चित्रात ती पुष्कळदा तशाच ठिपक्यासारखी दिसते, आणि दोन्हींतला फरक दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. माझा डाग नेमका कोणता हे आजही निश्चित नाही. मात्र तो कोणताही असला तरी माझ्या रक्तवाहिन्यांसाठी करायच्या गोष्टी त्याच राहतात, हे डॉक्टरांचे म्हणणे मला मनापासून पटले.

त्या गोष्टींत रक्तदाब पहिला. भारतासह ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासानुसार पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के जोखमीचा संबंध अवघ्या दहा बदलता येण्याजोग्या घटकांशी लागतो. त्यांत उच्च रक्तदाब सर्वांत मोठा आहे आणि शारीरिक हालचालींचा अभाव हाही एक आहे. अमेरिकेतील ‘स्प्रिंट’ अभ्यासाचे २०१९ सालचे निष्कर्ष तर थेट मेंदूच्या चित्रांवरचे आहेत : ज्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते, त्यांच्या मेंदूतील पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारे बदल १४० चे उद्दिष्ट असणाऱ्यांपेक्षा कमी वेगाने वाढले. कोणासाठी किती आकडा योग्य हे अर्थात ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

मला सकाळची एक गोळी सुरू झाली आणि तिच्या जोडीला चालणे. पण चालणे ‘जमेल तसे’ नव्हते. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर रोज दहा मिनिटे, दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढ, आणि वेग असा की सोबतच्या माणसाशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवले आहेत. त्या १५० पर्यंत मी हळूहळू पोहोचले. स्नायूंच्या व्यायामासाठी स्वयंपाकघरातली खुर्ची पुरली : हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे, दहा वेळा, श्वास रोखून न धरता. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून भरलेली घागर किंवा सिलिंडर उचलणे मी टाळते. विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल किंवा नाडी अनियमित लागत असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना गाठावे, हेही मला स्पष्ट सांगितले गेले होते.

रक्तदाब मोजण्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण माझे निम्मे आकडे सुरुवातीला चुकीचेच होते. मी चहा घेता घेता, मुलाशी बोलत, पायावर पाय टाकून पट्टा बांधत असे. आता आमच्या जेवणाच्या टेबलावर शंभर पानी वही आणि यंत्र एकत्र ठेवलेले असते. लघवीला जाऊन यायचे, खुर्चीला पाठ टेकून, तळवे जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. अर्धा तास आधीपासून चहा नाही. सासूबाई आता माझ्यासमोर बसून ती पाच मिनिटे घड्याळात मोजतात आणि मी बोलले तर हाताने थांबवतात. वहीतल्या जानेवारीच्या पानावर १४६, १४४, १४८ असे आकडे आहेत, सप्टेंबरच्या पानावर १२६ ते १३२. यात गोळीचा वाटा किती आणि पायांचा किती हे मी सांगू शकत नाही, आणि एक धरून दुसरे सोडण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही.

बाकीच्या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. पापड, लोणचे व फरसाण यांतले मीठ कमी करणे, तंबाखूबरोबर मिश्रीही सोडणे, साखर व कोलेस्टेरॉल तपासणे, आणि घरातले कोणी जोरात घोरत असेल व झोपेत श्वास अडकत असेल तर ते हसण्यावारी न नेता दाखवून घेणे. मात्र शेजाऱ्याला दिली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपणही सुरू करावी, असे कोणी करू नये. तिच्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता शहराविषयी. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी असे चढ घराजवळ लाभलेले पुण्यासारखे शहर सहसा सापडणार नाही, याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु आजारातून सावरणाऱ्या माणसाला पहिले दोन महिने टेकडी नको असते, सपाट पदपथ हवा असतो, आणि तोच मिळत नाही. माझ्या दहा मिनिटांच्या वाटेवर पदपथ सात ठिकाणी तुटतो. प्रत्येक फाटकापाशी तो गुडघाभर उंचीवरून खाली उतरतो आणि पुन्हा तेवढाच चढतो, एके ठिकाणी विजेची पेटी मधोमध उभी आहे, आणि उरलेल्या जागेवर दुचाकी लावलेल्या असतात. सिग्नल लागला की मागून दुचाकीस्वार वरही येतात. नुकतीच चक्कर थांबलेल्या बाईने तिथे तोल सांभाळायचा की वाहने चुकवायची? ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद करून पादचारी दिन साजरा होतो, तेव्हा या आजारापूर्वी एकदा त्या रस्त्यावरून चालताना मला फार आनंद झाला होता. तशी मोकळी वाट सहकारनगरात, धनकवडीत, बिबवेवाडीत घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत रोज मिळावी, निदान फाटकांपाशी पदपथाला उतार द्यावा आणि भर दुपारी कामावरून सुटणाऱ्यांसाठी उद्याने उघडी ठेवावीत, अशी माझी मागणी आहे.

दुसरी विनंती डॉक्टरांना आहे. असा अहवाल हाती देताना गोळीच्या नावाखाली चालण्याचेही प्रमाण लिहून द्यावे : किती मिनिटे, कोणत्या वेगाने, कधी थांबायचे. माझ्या डॉक्टरांनी संक्रांतीनंतरच्या चिठ्ठीवर ते लिहिले, आणि त्या कागदामुळेच घरातला वाद मिटला. मी कितीही सांगितले असते तरी ते हट्ट ठरले असते. शिक्का असलेल्या कागदावर ‘रोज चालणे’ असे वाचल्यावर सासूबाईंनी स्वतः माझे बूट माळ्यावरून काढून दिले. भावाचा फोन अजून रोज येतो. आता तो विचारतो, “ताई, आज जाऊन आलीस का?”

आपली नम्र,
एक वाचक, सहकारनगर, पुणे